कुंडीतल्या मातीचा कौल

आकाराम शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मोल्डर आहे. लोखंडाचा रस ओतण्याआधी वाळूचा साचा घडवायचा, हे त्याचं काम. साचा घाईनं उचलला की त्याची कड ढासळते. त्या कामामुळे असेल किंवा मुळातला स्वभाव असेल, पण हा माणूस कुठल्याही गोष्टीला चटकन हात घालत नाही. चहा पुढे केला तरी आधी बशीकडे बघतो, मग कपाकडे, आणि मग विचारतो, "घेऊ न्हवं बाई?"

कसबा बावड्यात आमच्याच गल्लीत एका पत्र्याच्या चाळीत तो दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होता. लग्न होऊन वर्षाराणी तिथेच आली, मुलगी राजनंदिनी तिथेच जन्मली, आणि माझ्या वर्गात पहिलीला बसली ती तिथूनच. आता ती नर्सिंगला आहे. वर्षाराणी एमआयडीसीतल्या सड्या कामगारांना डबे करून देते. त्या खोलीतला ओटा एवढा आखूड, की चपाती लाटताना तिचं कोपर भिंतीला लागायचं. भिंतीवर त्या जागी रंग उडून कोपराएवढा डाग पडला होता.

वर्षाराणी नवऱ्याच्या अगदी उलट. चटपटीत, तोंडाळ, बोलायला लागली की भाजीवालासुद्धा हात जोडतो. पण एक गोष्ट मी पुष्कळ वर्षांनी ओळखली. तिला किरकोळ राग आला तर ती बोलते. खोल लागलं तर ती गप्प होते, आणि मग घरात फक्त लाटण्याचा आवाज येतो.

चाळीच्या मालकांनी जागा बिल्डरला द्यायचं ठरवलं आणि पुढच्या मेअखेरपर्यंत खोल्या रिकाम्या करा म्हणून सगळ्यांना सांगितलं, तेव्हा या दोघांची घराची शोधाशोध सुरू झाली. ते दिवसच असे होते की सकाळी एजंटानं सांगितलेला भाव संध्याकाळी राहत नसे. घर बघून, घरी जाऊन, भात खाऊन विचार करावा म्हटलं, तर तेवढ्यात दुसरा कुणीतरी इसार देऊन मोकळा झालेला असे. अशा बाजारात आकारामसारख्या माणसाचं अवघडच होतं. त्यात त्याचा एक नेम होता. गावच्या देवीचा कौल घेतल्याशिवाय तो कुठल्याही घराला इसार देत नसे.

त्याचं गाव शाहूवाडीत, मलकापूरच्या पुढे डोंगरात. तिथल्या निनाईला सगळा गाव विचारतो. विहीर पाडायची असो की घर बांधायचं असो, त्या जागेची चिमूटभर माती फडक्यात बांधून न्यायची आणि देवीच्या पायाशी ठेवायची. गुरव शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

आकारामनं एकदाच हा नेम मोडला होता. राजनंदिनी लहान असताना एका मित्राच्या भरीला पडून त्यानं पाचगावच्या बाजूला प्लॉट घेतला. वडील म्हणाले होते, "निनाईआईला इचार आधी." पण मित्राला घाई होती. पुढे कळलं की तोच प्लॉट आणखी दोघांना विकला गेलाय. प्लॉट गेला, आणि त्याच वर्षी वडीलही गेले. या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, हे त्याला कुणीही सांगितलं असतं. मीही सांगितलं होतं. त्यानं मान हलवली होती, आणि पुन्हा बशीकडे बघत बसला होता.

वर्षाराणी कौलाची चेष्टा करायची नाही. नदीच्या अंगाला एक बैठं घर दोघांनाही पसंत पडलं होतं, स्वस्तही होतं. देवीनं डावा दिला. त्याच पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी त्या घराच्या खिडकीपर्यंत चढलं. तेव्हा तिनं डोंगराच्या दिशेनं हात जोडलेले मी स्वतः पाहिले. पण त्यानंतर एक घर आकाराम गावाला जाऊन येईपर्यंत विकलं गेलं, आणि मग आणखी एक. उदयसिंह नावाचा तरुण एजंट घरं दाखवायचा. तो एकदा चाळीच्या दारात उभा राहून म्हणाला, "काका, तुमची देवी डोंगरात आणि माझं दुसरं गिऱ्हाईक मोटरसायकलवर. कसं जमायचं सांगा की!"

आतून राजनंदिनी म्हणाली, "पप्पा, देवीला एक मोबाईल घेऊन द्या."

"मोबाईल नगं," वर्षाराणी म्हणाली. "रेंज न्हाय तिथं. तुझ्या पप्पांना तेवढंच निमित्त."

हिवाळ्यात उदयसिंहनं कदमवाडीच्या रस्त्याला एका जुन्या अपार्टमेंटमधलं घर दाखवलं. वर्षाराणीनं मलाही बरोबर नेलं. दुसऱ्या मजल्यावर मलिकाचाची नावाच्या बाई एकट्या राहत होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी सदफ मिरजेला दिलेली, आणि आता रमजानच्या आधी तिच्याकडे कायमचं राहायला जायचं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी आधी आम्हाला पाणी दिलं, मग घर दाखवलं. घर मोठं नव्हतं, पण स्वच्छ आणि उजेडाचं होतं. वर्षाराणी एकेका खोलीत जाऊन उभी राहत होती. हॉलमधून आतल्या खोलीत गेली, दार लावून घेतलं, थोडा वेळ आतच राहिली आणि मग बाहेर आली.  मी शाळेत इतकी वर्षं पोरांची तोंडं वाचली आहेत. बक्षिसाला आपलं नाव पुकारणार हे आधीच कळलेल्या पोरीसारखा तिचा चेहरा झाला होता.

आकाराम मात्र जमिनीकडे बघत होता. खिशातून रुमाल काढून त्यानं विचारलं, "माती कुठली घ्यावी म्हणायची?"

उंबऱ्याशी फरशी, जिन्यात फरशी, खाली पार्किंगला सिमेंट. शेवटी त्याला गॅलरीत कुंड्या दिसल्या. कढीपत्त्याच्या कुंडीतली चिमूटभर माती त्यानं रुमालाच्या कोपऱ्यात बांधली. मलिकाचाची बघत होत्या. त्यांना वाटलं असेल, पावणं झाडाचं बी मागतायत की काय.

पुढच्याच सुटीला तो गावाला गेला. परत आला तेव्हा मी वर्षाराणीकडेच मेथी निवडत बसले होते. त्यानं चप्पल काढली, हात-पाय धुतले, आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "डावा दिला."

वर्षाराणीनं एवढंच विचारलं, "नक्की?"

"डावी पाकळी चिकटवल्या चिकटवल्या पडली. ज्ञानूतात्या गुरव म्हणला, एवढ्या झटक्यात डावा त्यानं बी कधी बघितला न्हाय."

त्यानंतर त्या घरात फक्त लाटण्याचा आवाज येऊ लागला.

चार-पाच दिवसांनी ती माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, चाचींना फोनवर न्हाय म्हणायचं माझ्या जीवावर येतंय. पाणी दिलंय त्यांनी. समोर जाऊन सांगते. तुम्ही येता काय?"

आम्ही गेलो. मलिकाचाची कपाटातलं सामान खोक्यात भरत होत्या. वर्षाराणीनं खाली मान घालून सांगितलं की घर छान आहे, तुमचं काही नाही, पण आमच्या देवीनं नको म्हटलं.

चाचींना राग आला नाही. त्या विचार करून म्हणाल्या, "अल्लानं न्हाय म्हटलं तर मी बी ऐकते, बेटी. पण तुमच्या देवीनं बघितलं कसं? इथं तर ती आली न्हाय."

"माती नेलती की. ह्यांनी रुमालात बांधून."

"कुठली माती?"

"ती गॅलरीतली. कढीपत्त्याची."

चाची खोक्यावरून हात काढून सरळ उभ्या राहिल्या. आधी त्यांच्या खांद्यांना हसू आलं, मग तोंडाला. "अगं, ती कुंडी सदफनं मिरजेहून आणून दिलेली! झाड तिथलं, माती तिथली. त्या मातीला या घराचं काय ठाऊक?" हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "आणि तुझी देवी खरं तेच बोलली बघ. ती माती तुमची न्हायच. कुंडी मी परत मिरजेला घेऊन चालले. घर इकतेय, कढीपत्ता न्हाय."

वर्षाराणी खाली बसली. इतक्या दिवसांत मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. हसताना तिचा हात मात्र पदराच्या टोकाला घट्ट धरून होता.

"घर अजून हाय काय चाची?"

"हाय. पण ऐतवारी सांजच्याला एक जण पैसे घेऊन येणारा हाय. मी जबान न्हाय दिली अजून. मगरिबच्या अजानच्या आत तुझा फोन आला तर घर तुझं. नंतर मला न्हाय थांबता यायचं, पोरी. रमजान तोंडावर हाय."

"पण इथली माती कुठनं आणू मी?"

"सकाळी झाडल्यावर केर निघतो, तो घेऊन जा. अस्सल या घरचा," चाची म्हणाल्या.

आकारामला हे सगळं सांगितलं तेव्हा तो हसला नाही. वर्षाराणीला वाटलं होतं, त्याचा चेहरा उजळेल. पण तो उलट घाबरला. "म्हंजे मी आईला भलतंच इचारून तरास दिला?"

"अहो, दिवसभर वाळूत हात असतात तुमचे," वर्षाराणी म्हणाली, "आणि नर्सरीची माती वळखू आली न्हाय?"

"कौल एकदा मिळाला की त्यावर दुसरा मागायचा नसतोय."

"दुसरा कुठला? त्या घराचा पहिलाच की! आधी तुम्ही कढीपत्त्याचा घेतलासा."

आकारामनं रुमाल दोनदा झटकून त्याची घडी घातली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, तुम्ही बी चला. आईम्होरं माझ्या तोंडातनं नीट शब्द निघाय पायजेत."

रविवारी सकाळी आम्ही तिघं एसटीनं निघालो. मलकापूरला उतरून वडापच्या, म्हणजे माणसं भरली की सुटणाऱ्या जीपनं वर गेलो. भात कापून झालेली खाचरं मोकळी पडली होती. रस्ताभर आकाराम रुमाल हातात धरून बसला होता. रुमालात काहीच नव्हतं. घरातला केर देवीच्या पायाशी ठेवायला त्याचं मन धजलं नव्हतं. पहाटे तो कदमवाडीला जाऊन त्या इमारतीभोवती एक फेरी मारून आला होता. मातीच्या म्हणाव्या अशा एकाच जागी कुत्रं झोपलेलं. त्याला उठवायचं त्याच्यानं झालं नाही.

ज्ञानू गुरव सत्तरीच्या पुढचा, काटक माणूस. कुंडीची हकीकत ऐकून त्यानं कपाळावर हात मारला. "लेका आकाराम, मला सांगायचंस की! मी देवीला घराचं इचारतोय आणि पायाशी कुंडी?" मग जरा मऊ होऊन म्हणाला, "तुझं एकट्याचं न्हाय रं. आता समदी फ्लॅटवाली यायला लागल्यात. परवा एक जण टाइलचा तुकडा घेऊन आलता. माती न्हाय तर न्हाय. घरधनीणीचं नाव घे, जागेचं नाव घे, आणि इचार."

त्यानं दोन पाकळ्या भिजवून देवीच्या खांद्यांवर लावल्या आणि मोठ्या आवाजात गाऱ्हाणं घातलं. कदमवाडीचं घर, मलिकाबाईंचं, तुझ्या लेकराला लाभणार असंल तर उजवा दे.

आकाराम हात जोडून उभा राहिला. आम्ही दोघी दाराबाहेर पायरीवर बसलो. आतून समईच्या वातीचा चर्र आवाज येत होता. पाकळ्या हलल्या नाहीत. ज्ञानूनं पुन्हा गाऱ्हाणं घातलं. ऊन पायरीवरून सरकून अंगणात गेलं, गावातल्या दोन-तीन बाया आल्या, नमस्कार करून गेल्या. पाकळ्या तिथेच.

मी वर्षाराणीच्या कानाशी म्हटलं, "तू जा आत. त्याला काहीतरी बोल."

"न्हाय बाई," ती हळूच म्हणाली. "मी म्हणाले म्हणून घेतलं, आणि उद्या काय वंगाळ झालं, तर बोलणार न्हाईत ते. पण वडलांचं जसं मनात धरलंय तसंच हे बी धरतील. त्या घरात बसून मला ते बघायचं न्हाय. त्यांनीच ठरवाय पायजे."

तिचे डोळे अंगणातल्या उन्हावर होते. ऊन तुळशीवृंदावन ओलांडून पलीकडे गेलं होतं.

ज्ञानू म्हणाला, "आज आई बोलंना. उद्या सकाळच्या पारी बघू. ऱ्हा मुक्कामाला."

 आकारामनं जोडलेले हात सोडले आणि एक पाऊल पुढे गेला. इतकी वर्षं मी त्याला ओळखते, पण त्याला असं सलग बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "त्या वक्ताला तुला न इचारता प्लॉट घेटला आणि बा गेला. तवापास्नं दर बारीला तुझ्याकडं पळत येतोय. लोकास्नी सांगतोय, माझा आईवर भरवसा हाय. पर भरवसा कुठला? मी नुसता भ्यालोय. माझं डोस्कं तुझ्या पायाशी ठेवायचं सोडून तुझ्या खांद्यावर ठेवत आलो." तो थांबला.  "नदीच्या घराला तू न्हाय म्हणालीस, तवा वाचवलंस. आज तू न्हाय म्हणली न्हाईस. तर मी ते घर घेतोय. चुकलं तर माझं, बरं झालं तर तुझं. पाठीशी ऱ्हा, एवढंच मागणं."

ज्ञानू गुरव त्याच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, कौल अर्धा टाकून निघाला म्हणून म्हातारा आता ओरडणार. पण त्यानं वळून देवीला नमस्कार केला, दोन्ही खांद्यांवरच्या पाकळ्या हलक्या बोटांनी काढल्या, दारात आला आणि म्हणाला, "सूनबाई, पदर कर." वर्षाराणीनं पदर पसरला. त्यात त्यानं दोन्ही पाकळ्या टाकल्या. "उजवी कुठली, डावी कुठली, आता मला इचारू नगं," म्हणाला. "दोन्ही तिच्याच."

गावात रेंज नाही, म्हणून आम्ही फाट्यापर्यंत चालत खाली आलो. आकाराम पुढे होता. इतक्या भरभर चालताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, मला तर धापच लागली. फाट्यावर येताच त्यानं खिशातून फोन काढला, पण चाचींचा नंबर सापडेना, म्हणून वर्षाराणीनं लावून दिला. चाचींनी उचलला.

"चाची, मी आकाराम. घेटलं आम्ही घर. अजान झाली न्हाय न्हवं?"

चाचींचा आवाज मलाही ऐकू येत होता. "व्हायची हाय अजून. चला, सुटले मी. देवी काय म्हणाली?"

आकाराम जरा गोंधळला. "गप्प ऱ्हायली."

"मग?"

"मग काय? आमच्यात बाया गप्प ऱ्हायल्या की हो असतंय."

वर्षाराणीनं त्याच्या हातातून फोन ओढून घेतला. "चाची, ह्यांचं काय बी ऐकू नका. देवीचं मला म्हायत न्हाय, पर मी गप्प असले की न्हाय असतंय. एवढ्या वर्षांत एवढं बी कळलं न्हाय ह्यांना." पलीकडून चाचींचं हसू ऐकू आलं. उद्या सकाळी इसार घेऊन येतो म्हणून तिनं सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर तो दोन्ही हातांनी छातीशी धरून ती रस्त्याकडेला दगडावर बसली. रडली थोडी. आकारामनं तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही, भर रस्त्यात तो कसला ठेवतोय. तिच्यावर पडणारं ऊन अडवून नुसता उभा राहिला.

वडापची जीप यायची होती. काही वेळानं तो म्हणाला, "वर्षा, एक इचारू?"

"मला? का देवीला?"

"तुलाच. तुला ते घर का आवडलं? ओटा मोठा हाय म्हणून न्हवं?"

"ओटा हाय की चांगला. पर त्यासाठी न्हाय."

"मग?"

तिनं डोळे पुसले, माझ्याकडे बघितलं, आणि बोलू की नको असं तिचं क्षणभर झालं. "आतल्या खोलीत जाऊन मी दार लावलं न्हवं का त्या दिवशी? आत उभी राहून ऐकलं. भाईरचं काय बी ऐकू येत न्हाय. म्हंजे आतलं बी भाईर जाणार न्हाय."

"मग?"

"मग काय, मग! चाळीत आल्यापास्नं शेजारच्यांची भांडणं ऐकतेय. आपलं कुणी ऐकू नये म्हणून गप बसायची सवय लागली मला. मला एकदा दार लावून तुमच्यासंगं मोठ्यानं भांडायचंय."

आकारामनं विचार केला. नेहमीसारखा, सावकाश. मग म्हणाला, "कशावरनं भांडणार?"

"हाय की ढीगभर. साठवलंय."

"मग कर की सुरुवात. हितं कोण हाय ऐकायला? बाई तर घरच्याच."

"जावा तिकडं," ती म्हणाली. "आधी घर ताब्यात येऊ द्या."

जीप आली. पुढच्या सीटवर मला बसवून दोघं मागे बसली. घाट उतरेपर्यंत मागून वर्षाराणीचा आवाज येत होता. खोली कुणाला कुठली, डब्यांची मांडणी कुठे, राजनंदिनीचा पलंग कुठे, आणि खिडकीला पडदा कुठल्या रंगाचा. मधे मधे आकाराम फक्त विचारत होता, "आणि मग?"